क्लिफर्ड वंशावळ: २२ मार्चची गाठ सुटली

सतराव्या शतकात उत्तर इंग्लंडातल्या घराण्याच्या किल्ल्यांच्या वारसाहक्कासाठी भांडलेली लेडी ॲन क्लिफर्ड, तिच्या शाखेतली तारखांची गाठ सुटली. मागच्या वेळी वंशावळीच्या सॉफ्टवेअरने तारखा जुळत नाहीत म्हणून दाखवलेल्या तीन लाल खुणा तशाच सोडाव्या लागल्या होत्या. ती वारली तेव्हा वय ८५ की ८६? राजा पहिला जेम्स याने वारसाच्या भांडणात दिलेला निवाडा तिच्या आईच्या मृत्यूआधी कसा काय दिसतो? आणि ती उत्तरेकडच्या किल्ल्यांवर राहायला गेली तेव्हा दुसरा नवरा हयात होता की नव्हता? तिन्ही खुणांचं मूळ एकच निघालं. कागद बरोबर होते, आपण साल चुकीचं वाचत होतो.

इंग्लंडात १७५१ पर्यंत कायद्याने वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे १ जानेवारी ते २४ मार्च हा पट्टा जुन्या कागदात आदल्याच सालात पडतो. शके-इसवीची सवय असलेल्यांना हे चटकन कळेल. शकात ७८ मिळवायचे, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळात ७९. शके १५५१ चा फाल्गुन म्हणून १६२९ मध्ये नाही, १६३० मध्ये येतो. इथेही तोच एकाचा फरक आहे, पाडव्याच्या जागी २५ मार्च धरायचा.

ॲनच्या बाबतीत हा पट्टा फारच नडतो, कारण तिच्या आयुष्यातल्या मोठ्या घटना नेमक्या तिथेच गोळा झाल्या आहेत. जन्म ३० जानेवारी, पहिलं लग्न २५ फेब्रुवारी, राजाचा निवाडा मार्चमध्ये, काका फ्रान्सिसचा मृत्यू जानेवारीत, दुसऱ्या नवऱ्याचा २३ जानेवारीला आणि तिचा स्वतःचा २२ मार्चला, म्हणजे वर्ष पालटायला तीन दिवस बाकी असताना.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो उत्तर इंग्लंडातल्या ॲपलबी गावच्या सेंट लॉरेन्स चर्चमधल्या तिच्या समाधिलेखाने. ही समाधी तिने हयातीतच बांधून घेतली. वर पुतळा नाही, ढालींवर कोरलेला वंशवृक्ष आहे. लेखात जन्म ३० जानेवारी १५९०, शुक्रवार, असा आहे आणि पुढे स्पष्ट म्हटलंय की हे साल नववर्षाच्या दिवसापासून मोजलेलं आहे. मृत्यू मात्र २२ मार्च १६७५ असा कोरलाय आणि तिथे तशी काही सूचना नाही. एकाच दगडावर दोन हिशेब! जन्म १ जानेवारीच्या मोजणीने, मृत्यू २५ मार्चच्या मोजणीने. सरळ वजाबाकी केली की ८५ येतात. मृत्यूचं साल आपल्या मोजणीने १६७६ धरलं की वय ८६ वर्षं पूर्ण, आणि हेच बरोबर आहे. माझ्या मते जन्माचा मजकूर तिचा स्वतःचा किंवा तिच्या सांगण्यावरून लिहिलेला, आणि मृत्यूची ओळ नंतर दुसऱ्या कोणी तेव्हाच्या चालू रिवाजाने घातलेली. साल कुठून मोजलं हे सांगण्याची काळजी नोंदींबाबत इतक्या काटेकोर बाईलाच सुचावी.

गाठ सुटली ती वाराने. जिथे तारखेबरोबर वार दिलाय तिथे साल ताडून पाहायची सोपी रीत अशी. जुलियन, म्हणजे तेव्हा इंग्लंडात चालणाऱ्या जुन्या पंचांगातल्या, तारखेत १० दिवस मिळवा, की आजच्या ग्रेगोरियन पंचांगातली तारीख मिळते. इंग्लंडच्या कागदांना हा १० चा आकडा फेब्रुवारी १७०० पर्यंत चालतो, पुढे ११ धरायचे. मग सालात ४०० मिळवा, कारण ग्रेगोरियन पंचांगात ४०० वर्षांनी तेच वार परत येतात. आता मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये तो दिवस बघा. ३० जानेवारी १५९० चा होतो ९ फेब्रुवारी १५९०, त्यावरून ९ फेब्रुवारी १९९०. शुक्रवार! १५८९ धरलं तर गुरुवार येतो, १५९१ धरलं तर शनिवार. म्हणजे दगडावरचं १५९० आधीच दुरुस्त केलेलं आहे, त्यात आणखी एक मिळवायचा नाही. ही दुहेरी दुरुस्ती म्हणजे आपल्या छंदातली सर्वांत चिवट चूक. एकाने साल सुधारलं, दुसऱ्याने ते जुनं समजून पुन्हा सुधारलं, आणि मग नेटवरच्या वंशवृक्षांमध्ये तेच साल वर्षानुवर्षं फिरत राहतं.

मृत्यूच्या तारखेलाही हीच कसोटी लावली. २२ मार्च १६७६ ला बुधवार येतो, १६७५ ला सोमवार. शिवाय तिची शेवटची रोजनिशी १ जानेवारी १६७६ पासून सलग २१ मार्चपर्यंत चालते, त्यामुळे संशयाला जागा राहत नाही.

जुन्या काळाकडे जाताना १० चा आकडा बदलतो हे विसरू नका. पहिला लॉर्ड रॉबर्ट क्लिफर्ड स्कॉटलंडातल्या बॅनकबर्नच्या लढाईत पडला तो २४ जून १३१४. तिथे ८ दिवस मिळवायचे आणि सालात ८०० घालायचे: २ जुलै २११४, सोमवार. लढाईचा दुसरा दिवस सोमवारचाच होता. शिवरायांच्या जन्मतिथीवरही करून बघा. १९ फेब्रुवारी १६३० ही जुलियन तारीख आहे. १० दिवस आणि ४०० वर्षं मिळवली की १ मार्च २०३०, शुक्रवार. जेधे शकावलीतही शुक्रवारच आहे.

आता उरलेल्या दोन खुणा. आई मार्गारेट रसेल वारली २४ मे १६१६ ला. जेम्सचा निवाडा जुन्या मोजणीने मार्च १६१६ चा, म्हणजे आपल्या मोजणीने मार्च १६१७. सॉफ्टवेअर मार्चला मेच्या आधी बसवत होतं, म्हणून निवाडा आई असतानाच झाला असं दिसायचं. प्रत्यक्षात आई गेल्यावर ॲन एकटी उभी होती. नवरा रिचर्ड सॅकव्हिल, अर्ल ऑफ डॉर्सेट, तडजोड करायला तयार होता. निवाड्याने किल्ले काकाकडेच राहिले आणि बदल्यात २०,००० पौंड ठरले. ॲनने राजासमोरही मान्यता दिली नाही.

दुसरा नवरा फिलिप हर्बर्ट, अर्ल ऑफ पेम्ब्रोक, याचा मृत्यू काही ठिकाणी २३ जानेवारी १६४९ असा आहे. ॲनने लंडन सोडलं जुलै १६४९ मध्ये. १६४९ तसंच ठेवलं तर ती विधवा होऊन उत्तरेला गेली असं होतं. १६४९/५०, म्हणजे जुन्या मोजणीने १६४९ आणि आपल्या मोजणीने १६५०, असं वाचलं की चित्र उलटतं. नवरा जिवंत असतानाच ती आपल्या किल्ल्यांकडे निघाली आणि सहाएक महिन्यांनी तो वारला. एका सालाने माणसाची गोष्टच बदलते ती अशी.

नोंदी कशा टाकाव्यात याबद्दल. ग्रॅम्प्स हे वंशावळीचं सॉफ्टवेअर यासाठी उत्तम आहे, फुकट आहे, आणि तारखेच्या खिडकीत पंचांग, दुहेरी साल आणि वर्षारंभ वेगवेगळे निवडता येतात. जुलियन निवडा, साल १६७५/६ असं दुहेरी लिहा. दुहेरी साल आणि २५ मार्चचा वर्षारंभ एकदम लावू नका, दोहोंपैकी एकच. मूळ कागदावर जे आकडे आहेत ते टिपणाच्या रकान्यात जसेच्या तसे उतरवा. जेडकॉम, म्हणजे वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा फाइलचा साचा, त्याची ५.५.१ आवृत्ती दुहेरी साल सांभाळते. जेडकॉम ७ मध्ये ते काढून टाकलंय, तिथे सुधारलेलं साल तारखेत आणि मूळ रूप शब्दांत द्यावं लागतं, म्हणून निर्यात करण्याआधी एक प्रत ५.५.१ मध्ये काढून ठेवा. वार काढायला एक्सेल घेऊ नका, १९०० च्या आधीच्या तारखेला ते तारीख मानतच नाही. लिब्रेऑफिस कॅल्क जुनी तारीख घेतं, पण १५ ऑक्टोबर १५८२ पासून ग्रेगोरियन धरतं. ३० जानेवारी १५९० टाकलं की मंगळवार दाखवतं. १० दिवस मिळवून टाका, शुक्रवार येतो.

इथून पुढे मात्र बेत बदलला. तारखा लागल्यावर वारसाहक्काचा क्रम लावायला घेतला आणि लक्षात आलं की माणसांच्या क्रमाने हे काम पुरं होणार नाही. किल्ल्यांच्या क्रमाने लावायला हवं. ॲनचा बाप जॉर्ज, कंबरलँडचा तिसरा अर्ल, वारला ३० ऑक्टोबर १६०५ ला. दोन्ही मुलगे लहानपणीच गेले होते, मागे एकटी ॲन, १५ वर्षांची. मृत्युपत्राने मालमत्ता भाऊ फ्रान्सिसला, ॲनला १५,००० पौंड, आणि फ्रान्सिसची पुरुष शाखा खुंटली तर सगळं परत ॲनकडे. अर्लची पदवी पुरुष वारसाकडेच जाणारी, ती काकाकडे गेली त्यात वाद नाही. पण जमीन आणि किल्ले दुसऱ्या एडवर्डच्या काळापासून अंगजात वारसांना बांधलेले होते, मग वारस मुलगा असो वा मुलगी. मार्गारेटने टॉवर ऑफ लंडनमधल्या दप्तरातून शोधून काढलेला मुद्दा हाच. पदवी आणि वतन वेगवेगळ्या वाटांनी उतरतात हे आपल्याकडच्या घराण्यांवर काम करणाऱ्यांना नवीन नाही.

म्हणून आता प्रत्येक किल्ला (यॉर्कशायरातला स्किप्टन, आणि वायव्य इंग्लंडातल्या वेस्टमोरलँड परगण्यातले ॲपलबी, ब्रफ, ब्रूम आणि पेंड्रॅगन) ग्रॅम्प्समध्ये स्वतंत्र ठिकाण म्हणून घेतलाय आणि ताबा बदलल्याची प्रत्येक घटना त्याला जोडलीय. स्किप्टनची साखळी सोपी: १३१० मध्ये रॉबर्ट क्लिफर्डला राजाकडून मिळाला. वेस्टमोरलँडकडचे किल्ले मात्र दोन बहिणींकडून आले, आणि हा या वेळचा सगळ्यात गोड शोध. या किल्ल्यांचा आधीचा धनी रॉबर्ट द व्ह्यूपाँ १२६४ मध्ये वारला, मागे दोन मुली, इझाबेला आणि इडोनिया. मालमत्ता दोघींत अर्धी अर्धी. ॲन ज्या हक्कासाठी भांडली, त्यातला मोठा भाग क्लिफर्ड घराण्यात आलाच मुळी एका वारसदार मुलीच्या लग्नाने!

इथे रॉजरांचा गुंता आहे, सांभाळा. इझाबेलाचा पालक रॉजर द क्लिफर्ड, इडोनियाचा रॉजर द लेबर्न. दोघांनी आपापल्या पाल्य मुलीचं लग्न स्वतःच्या मुलाशी लावून दिलं, आणि दोन्ही मुलांची नावं पुन्हा रॉजर. चौघांना वेगवेगळे क्रमांक दिल्याशिवाय पुढे जाऊ नका. इझाबेलाचा नवरा रॉजर १२८२ मध्ये वेल्सच्या मोहिमेत गेला, त्याचा बाप १२८६ पर्यंत होता. ही दोन सालं एकाच माणसाला चिकटवलेली झाडं भरपूर आहेत. बॅनकबर्नला पडलेला रॉबर्ट हा इझाबेलाचा मुलगा. इडोनियाचा अर्धा हिस्सा तिच्या मृत्यूनंतर, १३३० च्या दशकात, क्लिफर्डांकडे आला.

शोधताना आडनाव तीन प्रकारे घालून पाहा: व्ह्यूपाँ, व्हायपाँट आणि लॅटिन कागदांत व्हेटेरिपाँट. ब्रफ आणि ब्रूम हे दोन वेगळे किल्ले आहेत. इंग्रजी अक्षरं जवळपास सारखी असल्याने सूचीत हटकून अदलाबदल होते. ॲन वारली ती ब्रूमला.

पुढचा खड्डा पदवीचा. चौथ्या अर्लचा, म्हणजे काका फ्रान्सिसचा, मुलगा हेन्री याला १६२८ मध्ये लॉर्ड क्लिफर्ड म्हणून संसदेचं बोलावणं गेलं, बापाकडे जुनी बॅरनी (अर्लहून खालची, लॉर्ड ही पदवी) आहे या चुकीच्या समजुतीने. त्यातून नवीच बॅरनी तयार झाली. म्हणजे १२९९ ची एक आणि १६२८ ची एक. हेन्री ११ डिसेंबर १६४३ ला वारला, मुलगा नाही. त्या दिवशी किल्ले ॲनकडे आले, ती ५३ वर्षांची होती. १६२८ ची बॅरनी मात्र हेन्रीची मुलगी एलिझाबेथकडे, आणि ती बॉइल घराण्यात दिलेली. एकाच मृत्यूने दोन वारसदार स्त्रिया, दोन वेगळ्या वाटा. ॲनची वाट मुलगी मार्गारेटमार्फत टफ्टन घराण्याकडे, एलिझाबेथची बॉइलांकडून पुढे कॅव्हेंडिशांकडे. क्लिफर्डांची यॉर्कशायरातली बोल्टन ॲबी ही मालमत्ता तिकडे गेली ती अशी. दोन्ही बॅरनींना सॉफ्टवेअरमध्ये साल लावूनच नाव द्या, नुसतं लॉर्ड क्लिफर्ड लिहिलं की सगळं एकत्र कालवतं.

जॉर्जच्या नोंदीत जाता जाता भर पडली. ३१ डिसेंबर १६०० च्या ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेत त्याचं नाव आहे, आणि त्याचं मॅलिस स्कर्ज हे जहाज कंपनीने घेऊन रेड ड्रॅगन नावाने पहिल्या सफरीवर धाडलं. १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीला पोर्तुगीजांशी लढलं ते हेच. जहाजालाही आता किल्ल्यांसारखी ताब्याची साखळी लावतोय.

आधी ठरवलेलं टफ्टन शाखेचं काम मागे टाकलं आहे. अगोदर पाचही किल्ल्यांच्या साखळ्या १२०३ पासून, म्हणजे जॉन राजाने व्ह्यूपाँला वेस्टमोरलँड दिलं तिथून, १६७६ पर्यंत पुऱ्या करायच्या. १४६१ ते १४८५ या काळात मालमत्ता जप्त होती, तिथे साखळीत क्लिफर्डांचा ताबा तुटलेला दाखवायचा आणि वंशाची रेघ मात्र तोडायची नाही. ज्यांच्याकडे याच भागातल्या घराण्यांची झाडं आहेत त्यांनी जानेवारी ते २४ मार्चच्या सगळ्या नोंदी गाळून घ्या आणि जिथे वार दिलाय तेवढ्या आधी तपासा.