बागेतलं फुकटचं गाणं

उन्हाळ्यात भारतातून पाहुणे आले, किंवा इथल्या मराठी मंडळात एखादं नवं कुटुंब भेटलं, की चहा संपायच्या आत प्रश्न येतो: "तुम्ही म्हणे रविवारी कुठल्याशा बागेत जर्मन बँड ऐकायला जाता? कळतं का त्यातलं काही? आणि फुकट कसं काय ठेवतात हो? इथे तर संडासालासुद्धा पैसे मोजावे लागतात." मागे आतेबहीण आली होती, तिने आणखी एक जोडलं, "म्हणजे ते चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या घालून बीअर पीत डोलतात, तेच ना?"

तोंडी उत्तर देऊन देऊन कंटाळले, म्हणून आता लिहूनच टाकते.

आधी चड्डीचं मिटवू. ती बव्हेरियाची. मी राहते जर्मनीतल्या लाइपझिगला, म्हणजे सॅक्सनी राज्यात. बव्हेरियाची राजधानी म्युनिक इथून चारशे किलोमीटरवर आहे, आणि इथला माणूस त्या चड्डीकडे तुमच्याइतक्याच कुतूहलाने बघतो.

आता बाग. हे सार्वजनिक उद्यान नव्हे. रेल्वेच्या रुळांलगत, कालव्याच्या काठाने, शहरातल्या मोकळ्या जमिनीचे छोटे तुकडे पाडून ते लोकांना भाड्याने दिलेले असतात आणि अशी एकेक वसाहत त्या बागवाल्यांचीच संस्था चालवते. संस्थेला सगळे फेराइन म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. 1983 चा एक केंद्रीय कायदा या बागांसाठीच आहे. त्यानुसार तुकडा 400 चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा, त्यावरची खोपी ओसरीसकट 24 चौरस मीटरमध्ये बसावी आणि तिथे कायमचा मुक्काम करू नये. शिवाय साधारण एक तृतीयांश जागेत भाजी आणि फळं लावलीच पाहिजेत; नुसतं हिरवळीवर लोळत पडायला बाग मिळत नाही. आमच्याकडे बटाटे, झुकिनी, लाल करंटची झुडपं आणि एक म्हातारं आलुबुखाराचं झाड आहे. मेथीचा वाफा माझा. तपासणीला आलेल्या कार्यकारिणीच्या बाईंनी तो बराच वेळ निरखला आणि शेवटी 'भाजी' म्हणून मंजूर केला.

या बागांना श्रेबरगार्टन हे नाव पडलं ते इथूनच. डॉ. मोरित्स श्रेबर हे लाइपझिगचे अस्थिरोगतज्ज्ञ. शहरातल्या पोरांना धावायला-खेळायला जागा हवी, असं ते सांगत असत. ते 1861 मध्ये वारले आणि तीन वर्षांनी एर्न्स्ट हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकांनी पालकांना जमवून त्यांच्या नावाने संस्था काढली. 1865 मध्ये खेळाचं मैदान उघडलं. पुढे गेझेल नावाच्या एका शिक्षकांनी मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे केले. मुलांनी चार दिवस हौसेने पाणी घातलं आणि मग व्हायचं तेच झालं: खुरपणी आईबापांच्या गळ्यात पडली. त्या आईबापांच्या वाफ्यांचीच पुढे देशभर चळवळ झाली. लाइपझिगमध्ये या बागांचं संग्रहालयसुद्धा आहे, सवड काढून जा.

मैदान मात्र बहुतेक वसाहतींनी मध्यभागी राखलं. आमच्याकडेही मधोमध गवताचा चौक आहे, एका बाजूला फेराइनचं घर आणि दोन लिंडनची झाडं. गाणं होतं ते तिथे. रविवारी, दुपारी तीन वाजता. तीनच का, तर एक ते तीन दुपारची शांतता असते आणि त्या वेळात कोणी खिळा ठोकला तरी कुंपणावरून डोकी वर येतात.

फुकट कसं, याचं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर: आधीच सगळ्यांकडून वसूल केलेलं असतं, फक्त पैशांत नाही. प्रत्येक बागवाल्याला वर्षातले काही तास फेराइनसाठी राबावं लागतं. सामायिक कुंपण छाटा, पाण्याची पाइपलाइन हिवाळ्याआधी रिकामी करा, वाटेवरचं गवत काढा. तास भरले नाहीत तर त्याचे पैसे लागतात. आमच्याकडे कार्यक्रमासाठी बाकं मांडणं, गाणाऱ्यांना कॉफी देणं, नंतर कप विसळणं हेही तासांत धरतात. त्यामुळे जो गृहस्थ एरवी कुणाशी बोलत नाही तोही रविवारी सकाळी घडीची लाकडी बाकं खांद्यावर घेऊन हजर असतो. केक घरोघरचे. आयरशेके नावाचा तीन थरांचा सॅक्सन केक असतो, त्याच्यासाठी मी एखाद वेळी बेसूर गाणंही सहन केलं आहे, हे इथेच कबूल करते. वाजवणारे हौशी: कुणी दातांच्या डॉक्टर, कुणी ट्राम चालवणारे. मानधन घेत नाहीत. शेवटी एक हॅट फिरते, ती त्यांच्या नोटांच्या, म्हणजे स्वरलिपीच्या, पुस्तकांसाठी आणि वाद्यांच्या दुरुस्तीसाठी.

दुसरी भानगड आहे हक्कांची. जर्मनीत चारचौघांत संगीत वाजवायचं तर गेमा या संस्थेशी गाठ असते. संगीतकारांच्या वतीने ती पैसे गोळा करते. न्यायालयांनी गृहीतच धरलेलं असतं की तुम्ही वाजवताय ते तिच्या यादीतलं असणार. नसेल तर ते तुम्ही दाखवून द्यायचं. रचनाकार जाऊन सत्तर वर्षं उलटली की त्याची चीज सगळ्यांची होते. आता यात गोम अशी की चाल दोनशे वर्षांची असली तरी तिची चार आवाजांतली मांडणी गेल्या वर्षी कुणी नव्याने केली असेल, तर त्या मांडणीला हक्क लागतो. म्हणून आमच्या चिटणीसबाई मे महिन्यात नोटांचा गठ्ठा घेऊन बसतात आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यातलं बारीक नाव वाचून तो माणूस कधी वारला ते शोधतात. फ्रीडरिश झिल्शर, मृत्यू 1860, चालेल. खाली एखाद्या हयात माणसाचं नाव निघालं की पान बाजूला. आमच्याकडे पारंपरिक संगीतच का वाजतं, याचं निम्मं कारण प्रेम आहे आणि निम्मं हे.

आता वाजतं काय? सगळ्यात जास्त येतो तो पोझाउनेनकोर, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चचा पितळी वाद्यांचा ताफा. त्यात ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, हॉर्न आणि खर्जातला एक ट्युबा. आपल्या वरातीच्या बँडमधली पुष्कळशी वाद्यं ओळखू येतील, पण ढोल-ताशा नाही आणि घाईही नाही. यांच्यात एक सोय फार चांगली आहे. एरवी ट्रम्पेटवाल्याच्या नोटा वेगळ्या पट्टीत लिहिलेल्या असतात; पोझाउनेनकोरमध्ये मात्र सगळे खऱ्या सुराच्या नोटा वाचतात. त्यामुळे गाणाऱ्यांचं पुस्तक उचलून थेट वाजवता येतं. नोटांचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून स्टँडला कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले असतात. दोन गाण्यांच्या मध्ये सगळे एकदम मान खाली घालून वाद्याची छोटी किल्ली दाबतात आणि आत साठलेलं पाणी गवतावर सोडतात. पाहुण्यांची लहान मुलं कार्यक्रमातलं एवढंच लक्षात ठेवून भारतात परत जातात.

लाइपझिगला हे मोकळ्या हवेतलं वाजवणं नवं नाही. संगीतकार बाखच्या काळी इथे नगरपालिकेच्या पगारावर वादक असत आणि ते रोज नगरभवनाच्या उंचावरून गावासाठी वाजवत. गॉटफ्रीड राइखे हा त्यांतला सगळ्यात नावाजलेला, बाखचा ट्रम्पेटवादक. त्याने 1696 मध्ये एक कॉर्नेट (तेव्हाचं लाकडी फुंकवाद्य) आणि तीन ट्रॉम्बोन यांच्यासाठी चोवीस छोट्या रचना छापल्या होत्या. आमच्याकडे येणारा ताफा त्यांतल्या एक-दोन दरवेळी वाजवतो. राइखे गेलाही अशाच कार्यक्रमाने. 5 ऑक्टोबर 1734 च्या रात्री बाजारचौकात राजासमोर बाखची रचना सादर झाली, भोवती शेकडो विद्यार्थी मशाली घेऊन उभे. दुसऱ्या दिवशी राइखे रस्त्यात कोसळला. वाजवण्याचे श्रम आणि मशालींचा धूर यांनी घात केला, असं तेव्हा लोक म्हणाले. त्याची रचना सुरू झाली की मी मुकाट्याने सिगारेटवाल्यांपासून लांबच्या बाकावर जाते.

कधी कधी आमच्या मागच्या ओळीतले एक आजोबा बँडोनियन, म्हणजे हातात धरायची भात्याची, बटणांची पेटी, घेऊन येतात. हे अर्जेंटिनाच्या टँगो नाचाचं वाद्य म्हणून जगाला माहीत आहे, पण त्याचं मूळ इकडचं. कार्ल फ्रीडरिश ऊलिशने 1834 च्या सुमारास शेजारच्या केमनिट्समध्ये त्याचं आधीचं रूप बनवलं, क्रेफेल्डच्या हाइनरिश बांडच्या नावावरून त्याला नाव मिळालं आणि सॅक्सनीतल्या कार्ल्सफेल्ड या डोंगरातल्या गावात बनलेली वाद्यं बोटीतून ब्वेनोस आयरेसला गेली. इकडे ते खाणकामगारांचं आणि गिरणीवाल्यांचं वाद्य होतं. आत आपल्या पेटीसारख्याच धातूच्या पट्ट्या भात्याच्या वाऱ्याने थरथरतात, फक्त इथे एकच बटण भाता उघडताना एक सूर देतं आणि मिटताना दुसरा. आजोबांनी मला त्यांचा कागद दाखवला. त्यावर नोटा नाहीत, नुसते आकडे आणि खुणा. बटणांवरही तेच आकडे कोरलेले, काही पार झिजून गेलेले. नोटा वाचायला शिकायला ज्यांना वेळ नव्हता, त्यांनी ही पद्धत वापरून ऑपेरातल्या चालीसुद्धा बसवल्या. ते वाजवतात तेव्हा थोडं अडखळतात, आणि मला तोच भाग सगळ्यात आवडतो.

"पण कळतं काय?" याचं उत्तर असं, की मी तिथे ऐकायला जातच नाही, गायला जाते. बाकांवर मोठ्या टायपातल्या झेरॉक्स ठेवलेल्या असतात आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्यापासून सगळ्यांनी म्हणायचं असतं. आपण मैफल म्हणून गेलो तर हिरमोड होतो. मींड नाही, तान नाही, चाल बहुतेक सरळ शुद्ध स्वरांतली, बिलावल थाटातली, आणि सहा कडव्यांना तीच. भजनी मंडळात कोणी समेवर दाद द्यायला जात नाही, टाळ घेऊन बसतं, तसं हे आहे. एकदा तोंड उघडलं की मग कान वेगळं काम करू लागतो. वरची चाल तीच राहते, पण शेजारी कुणी खालचा आवाज धरतो, मागून ट्युबा पाऊल टाकत येतो आणि मधले दोन आवाज दरवेळी कुठे सरकतात ते शोधण्यात कडवी कधी संपली कळत नाही. नव्या माणसाला माझा सल्ला: चाल सोडून द्या, ट्युबाच्या मागे जा.

'पारंपरिक' या शब्दावर मात्र फार विसंबू नका. सगळे डोळे मिटून गातात ते संध्याकाळचं गाणं, 'काइन श्योनर लांड', ते आंतोन विल्हेल्म फॉन त्सुकालमाल्यो या गृहस्थांनी 1840 मध्ये छापलं. लोकांकडून गोळा केलं म्हणून स्वतःच्या रचना पुढे करायची त्यांना सवय होती, आणि ब्राम्ससारख्या मोठ्या संगीतकारानेही त्यांच्या संग्रहातल्या चाली अस्सल लोकगीतं मानून घेतल्या. मला यात काही गैर वाटत नाही. दीडशेहून जास्त वर्षं लोकांनी गायलं, की झालं ते लोकांचं.

एक गोष्ट पाहुण्यांना दिसत नाही, ती सांगते. काही गाणी इथे वाजतच नाहीत. कूच करायच्या चाली नाहीत, झेंड्याची गाणी नाहीत. नाझींनी लोकगीतांना इतकं राबवून घेतलं, की युद्धानंतर वाढलेल्या पिढीतल्या अनेकांना चारचौघांत जर्मन गाणं म्हणायचीच शिसारी बसली. ती घडी पुन्हा बसवायला माणसं लागली. पूर्व जर्मनीत वोल्फगांग श्टाइनिट्स या अभ्यासकांनी 1954 आणि 1962 मध्ये दोन खंड काढले. त्यात पळून गेलेले सैनिक, नाडलेले शेतकरी, भुकेले विणकर यांची सहा शतकांतली गाणी होती. पुढे तरुण मंडळींनी तीच गाणी उचलली. सरदाराला शिव्या देणारं जुनं गाणं म्हणताना समोर बसलेल्यांना आजचा सरदार कोण ते बरोबर समजत असे, आणि गाणं सरकारनेच छापलेलं असल्यामुळे अडवणाऱ्याची पंचाईत. आमच्या बाकांवरचे साठीपुढचे लोक ती कडवी कागद न बघता म्हणतात. मार्च कोणी मागितला तर ताफ्याच्या बाई हसून पान उलटतात.

ऑगस्टअखेरचा कार्यक्रम तेवढा संध्याकाळी असतो आणि तो माथियास क्लाउडियुस या कवीच्या चंद्राच्या गाण्याने संपतो. शब्द 1779 चे, चाल शुल्ट्सची, 1790 ची. 2020 मध्ये टाळेबंदीत इथल्या प्रोटेस्टंट चर्चने संध्याकाळी सात वाजता बाल्कनीतून गायला लोकांना हेच सुचवलं होतं. शेवटच्या कडव्यात देवाकडे मागणं आहे: आम्हाला निवांत झोपू दे, आणि आमच्या आजारी शेजाऱ्यालाही. एवढं मोठं गाणं शेजाऱ्यापाशी येऊन थांबतं, हे मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाही पटलं होतं.

तर यायचं असेल तर पावणेतीनला या, बाकं लवकर भरतात. बसायला उशी आणा. सुटे पैसे ठेवा: कपाची अनामत द्यावी लागते, कप परत केला की मिळते, आणि हॅटमध्ये टाकायलाही हवेत. पाऊस आला तर पितळवाले वाजवत राहतात, आजोबा मात्र बँडोनियन कोटाखाली घेऊन घरी जातात. आणि जर्मन येत नाही, सूर लागत नाही, ही कारणं चालणार नाहीत. दुसऱ्या बाकावर एक आजी बसतात, त्या गप्प बसलेल्या माणसाच्या हातात कागद कोंबतात आणि बोटाने ओळ दाखवत राहतात. आतेबहिणीने शेवटी एका गाण्याची सहाच्या सहा कडवी म्हटली.