दहातली तीन

रविवारी दादाने आमच्या पहिल्या अल्बमचा अख्खा रफ मिक्स, म्हणजे कच्ची जुळणी, ऐकला, हेडफोन काढला आणि म्हणाला, "मस्त झालंय गं. तुझी ती दोन काढलीस ना, तर एकदम सलग होईल." आणि चहा प्यायला गेला.

एवढंच. दादा टोमणे मारत नाही, त्यामुळे हे जास्त लागलंय. खवचटपणे बोलला असता तर मी तिथेच भांडून मोकळी झाले असते. त्याला खरंच तसं ऐकू आलं आणि त्याने ते सांगितलं, आता ह्याचं करायचं काय? तेव्हापासून भाजी चिरताना, बसमध्ये, झोपायच्या आधी तेच एक वाक्य डोक्यात. तुझी ती दोन.

आठ गाणी आहेत, सहा जुनी रॉकची आणि दोन माझी. पहिला अल्बम असा करायचा हे सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं ना? ओळखीची गाणी घे, लोक थांबतात, मग हळूच आपलं ऐकव. थांबतात खरे. पण माझं सुरू झालं की वेटरला हाका मारायला लागतात, हे मी स्टेजवरून बघितलंय. चेहऱ्यावर काही न दाखवता पुढचा अंतरा घेता येतो आता, पण आतून काय होतं ते होतंच. सहा गाणी म्हणताना मी गायिका असते आणि ह्या दोन वेळेला कोणीतरी मधेच येऊन आपली घरगुती गोष्ट सांगायला लागल्यासारखी. वहिनीला त्यातलं दुसरं कोणाबद्दल आहे ते बहुतेक कळलंय. तो विषय इथे नको.

सोमवारपासून ब्रिटिश गायक जो कॉकर ह्याचा पहिला अल्बम लावून बसलेय. १९६९ चा. दहा गाणी. बॉब डिलनची दोन, ट्रॅफिक बँडचं एक, बीटल्सचं एक, 'विथ अ लिटिल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स', ज्यावरून अल्बमला नाव दिलंय, 'बाय बाय ब्लॅकबर्ड' तर थेट १९२६ चं. आणि त्यात तीन त्याची स्वतःची, ख्रिस स्टेंटनबरोबर केलेली. 'चेंज इन लुईस', 'मार्जोरीन', 'सँडपेपर कॅडिलॅक'. मी इतकी वर्षं ह्या गाण्यांच्या लोकांत वावरतेय, पण ही तीन नावं मी कोणाच्याही तोंडून ऐकलेली नाहीत. फर्माईश तर सोडाच. ज्यांच्याकडे ही रेकॉर्ड आहे तेसुद्धा सांगताना 'फीलिंग ऑलराइट' म्हणतात आणि मग ते मोठं गाणं, संपलं.

शेफील्डचा माणूस, गॅस कंपनीत फिटरचं काम शिकत होता, रात्री पबमध्ये गायचा. १९६४ मध्ये पहिली सिंगल निघाली, तीही बीटल्सचंच गाणं, चालली नाही, परत गॅसचं काम. मग १९६८ मध्ये 'मार्जोरीन', त्याचं स्वतःचं, ब्रिटनच्या यादीत ४८ व्या नंबरपर्यंत गेलं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'विथ अ लिटिल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' पहिल्या नंबरला. आवाज तोच, वर्ष तेच. स्वतःचं ४८ वर, दुसऱ्याचं १ वर. परवा रात्री ह्या दोन आकड्यांनी मला रडवलं. मूर्खपणा वाटला तरी वाटू दे, पण रडले. कारण पुढेही आयुष्यभर तेच झालं त्याचं, 'यू आर सो ब्यूटिफुल' दुसऱ्याचं, १९८२ चं ते जेनिफर वॉर्न्सबरोबरचं ड्युएट, ज्याला ऑस्कर मिळालं, तेही दुसऱ्यांनीच लिहिलेलं. त्याला कधी वाटलं नसेल का की माझं लुईसवालं पण ऐका ना जरा?

मी लहानपणी ते मोठं गाणं आधी केबलवर ऐकलं, 'द वंडर इयर्स' लागायची तेव्हा. कित्येक वर्षं मला ते त्या मालिकेचंच वाटायचं. मग कॉलेजात बीटल्सचं ऐकलं, रिंगो गातो ते, १९६७ चं, आणि मला वाटलं की हे कोणीतरी गमतीत म्हटलंय. पावणेतीन मिनिटांत हसतखेळत संपतं. कॉकरने तेच संथ केलं, सहाच्या ठेक्यात नेलं, आपल्या दादऱ्यात येऊन बसल्यासारखं, आणि पाच मिनिटं खेचलं. सुरुवातीला टॉमी आयरचा ऑर्गन, कुठे जायचंय ते न सांगता नुसता वाट बघायला लावणारा, मग जिमी पेजची गिटार येते. लेड झेपलिन ह्या पेजच्या नव्या बँडचा पहिला अल्बमही त्याच हिवाळ्यात बाहेर आला, म्हणजे पेज तेव्हा नुकताच तिकडे निघालेला. बीटल्सच्या गाण्यात जॉन आणि पॉल मागून प्रश्न विचारतात आणि रिंगो साधी उत्तरं देतो. इथे प्रश्न बायका विचारतात आणि हा जी उत्तरं देतो ती ऐकून पोटात खड्डा पडतो. शब्द तेच आहेत. रिंगोला मित्र आहेत म्हणून तो मजेत आहे, आणि ह्याला मित्र नसते तर हा जगला नसता असं वाटतं.

१७ ऑगस्ट १९६९ ला अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात कॉकरने ह्याच गाण्यावर सेट संपवला आणि त्यानंतर असं वादळ आलं की कार्यक्रम काही तास थांबवावा लागला. ते हात वेडेवाकडे फिरवणं, लोकांना ते विचित्र वाटतं, मला कधीच वाटलं नाही. त्याच्या हातात वाद्य नाही आणि सगळी वाद्यं त्याच्या अंगातून चाललीत, दुसरं काय करणार हात?

आईच्या क्लासमध्ये कधी कोणी विचारलं नाही की हे तुमचं ओरिजिनल का. सदारंगाची बंदिश, त्याचं नाव सुद्धा शब्दांत येतं, अडीच-तीनशे वर्षांत किती गळ्यांतून गेली असेल, आणि तरी गाणारी जी असेल तिचाच तो यमन होतो. मैफल ऐकून आल्यावर कोणी बंदिश कोणाची होती ते सांगत नाही, काय गायली ते सांगतात. हे मला लहानपणापासून माहितीये, मग ह्या दोन गाण्यांच्या बाबतीत मी एवढी का अडलेय? माझं, माझं, माझं. कॉकरच्या त्या पाच मिनिटांत त्याचं काय कमी आहे?

पण मग हेही आहेच की तरी त्याने ती तीन घेतली. हवीच होती म्हणून घेतली असणार. शेवटी नाही ढकलली, तिसऱ्या आणि चौथ्या नंबरला दोन, आणि एक सातव्याला.

काल रात्री लाइट घालवून क्रमाने ऐकलं, नावं न बघता. 'बाय बाय ब्लॅकबर्ड' संपलं आणि 'चेंज इन लुईस' सुरू झालं आणि मला सांधा लागलाच नाही. १९२६ चं गाणं कुठे संपलं आणि शेफील्डच्या दोन पोरांचं कुठे सुरू झालं ते कळलंच नाही, कारण तो दोन्हीकडे सारखाच अडतो, सारखाच ओढतो, सगळी दहा एकाच माणसावर गुदरलेली वाटतात. मग लगेच आमचा मिक्स लावला. सांधा धडधडीत ऐकू येतो. दादाचे कान बरोबर आहेत. पण आता मला माझी दोन खटकेनात, ती सहा खटकायला लागली. मूळ रेकॉर्डवर जिथे श्वास आहे तिथेच माझा श्वास, सोलो नोट टू नोट, लोकांना ओळखीचं वाटायला हवं म्हणून हॉटेलात जसं वाजवतो अगदी तसं. सहा गाणी पाहुण्यासारखी नीट बसलीत आणि दोन घरच्यासारखी पसरलीत, मग ती दोन वेगळी ऐकू येणारच ना. दादा म्हणतो सलग नाही, खरंय, पण काढायचं काय ह्यावर माझं मत आता वेगळं आहे.

हे कळल्यावर इतकं हलकं वाटलं की रात्री दीडला कपाट आवरलं.

सकाळी अडचण लक्षात आली. आपल्याकडच्या कायद्यात दुसऱ्याच्या गाण्याचं कव्हर काढायचं तर मूळ गाणं येऊन पाच वर्षं उलटलेली लागतात, रॉयल्टी आधी भरावी लागते, ते सगळं आम्ही बघितलं होतंच. पण मालकाच्या परवानगीशिवाय चालीत आणि शब्दांत फेरफार करता येत नाही, तांत्रिक गरजेपुरता सोडून. म्हणजे जसंच्या तसं गायलं तर रस्ता सोपा, आणि मला जे करावंसं वाटतंय त्याला पत्रं लिहायची. कॉकर आणि त्याचा निर्माता डेनी कॉर्डेल रेकॉर्डिंग घेऊन पॉल मॅकार्टनीला ऐकवायला गेले होते, आणि मॅकार्टनी त्यानंतर कायम त्याचं कौतुकच करत राहिला. पुढच्या अल्बमला बीटल्सनी आपली आणखी दोन गाणी दिली कॉकरला. माझ्याकडे ऐकवायला जायला कोणी नाही, पब्लिशरचा ईमेल आहे फक्त.

तरी दोन गाण्यांसाठी लिहिणार आहे. सहाच्या सहा बदलायची नाहीयेत, चार तशीच चांगली आहेत आणि त्यातल्या एकावर दादाचा बेस इतका सुंदर आलाय की त्याला हात लावायची माझी हिंमत नाही. ती दोन मात्र संथ करायची, एक अर्ध्या सुराने खाली, ड्रम्स पहिल्या अंतऱ्यात नकोतच. उत्तर यायला दोन महिने लागतील, तीन लागतील, नाही पण म्हणतील. तोपर्यंत त्या दोन ट्रॅकचं काम बंद. माझ्या दोन गाण्यांना कोणाला विचारायचं नाही, ती शुक्रवारी फायनल मिक्सला पाठवतेय, तिसरं आणि चौथं म्हणून. दादाला कळवलंय. म्हणाला, मग चौथ्याचा बेस मला परत वाजवू दे, तो मला पहिल्यापासूनच आवडलेला नाही.