कामावर जाताना मनगट मोडलं, तेव्हा ईएसआयची रक्कम कशी मिळवली

ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, आजारपणाला सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के मिळतात, कामाशी संबंधित अपघाताला ९० टक्के. माझी दुचाकी घसरली ती सकाळच्या पाळीला जाताना, कंपनीच्या अलीकडे. 'गेटबाहेर झालंय, आजारपणात टाका,' असं कंपनीतून सांगण्यात आलं. असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही कामावरची दुखापत धरतात. मात्र वेळ, रस्ता आणि नोकरी यांचा मेळ कागदावर दिसला पाहिजे.

तो मेळ माझ्या बाबतीत दोन कागदांनी घातला. पाळीची वेळ दाखवणारं कंपनीचं पत्र आणि कॅज्युअल्टीचा पहिला केसपेपर. केसपेपरवर नुसतं 'पडून मार लागला' असं लिहितात. तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगून 'कामावर जाताना दुचाकीवरून पडून' असं आणि वेळही लिहून घ्या. नंतर बदल करायला गेलं की संशय येतो. दुसऱ्या वाहनाची धडक असेल तर पोलिसांतली नोंदही जोडा.

अपघाताचा अहवाल म्हणजे फॉर्म १२ कंपनीने भरायचा असतो, अपघात कळल्यापासून चोवीस तासांत. आपण तोंडी सांगून थांबू नये. लेखी कळवावं आणि पोच घ्यावी. हा अहवाल गेला नाही तर ईएसआयच्या शाखा कार्यालयाला अपघात झाल्याचं कळतच नाही आणि दावा अडकतो.

प्लास्टर खासगी दवाखान्यात घातलं तरी पैशासाठी त्यांचं सर्टिफिकेट चालत नाही. ईएसआयच्या डॉक्टरांचा फॉर्म ७ लागतो, तोही शक्य तितक्या लवकर, कारण ते मागची तारीख घालून देत नाहीत. मग पुढची सर्टिफिकेटं. खरे पैसे इथेच बुडतात. एका सर्टिफिकेटची मुदत १४ तारखेला संपली आणि पुढचं १७ पासून असलं, तर मधल्या दोन दिवसांचे पैसे गेले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी रविवार किंवा सुट्टी येते का, हे आधीच बघून ठेवा. कामावर परतायला फायनल सर्टिफिकेट हवं, त्याशिवाय हजर होऊ नका.

दाव्याचा अर्ज म्हणजे फॉर्म ९. आता तो ईएसआयच्या पोर्टलवर भरता येतो आणि पैसे थेट खात्यात येतात. भरण्याआधी आधारवरचं नाव, पासबुकावरचं नाव आणि आयएफएससी कोड जुळवून पाहा. बँकांच्या विलीनीकरणानंतर बदललेला कोड खूप जणांच्या नोंदीत जुनाच राहिला आहे.

रकमेचा हिशोब असा. अपघात जानेवारी ते जूनमध्ये झाला, तर आधीच्या एप्रिल ते सप्टेंबरचा पगार धरतात. महिना १८,००० असेल तर सहा महिन्यांचे १,०८,०००, भागिले १८३ दिवस, म्हणजे रोज सुमारे ५९०. त्याचे ९० टक्के ५३१ रुपये, ७० टक्के ४१३. रविवारही मोजतात. महिनाभर घरी बसणाऱ्याला यातला फरक साडेतीन हजारांच्या वर जातो, कारण आजारपणात सुरुवातीचे दोन दिवसही सहसा कापले जातात. शिवाय आजारपणाला त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी आणि वर्षात ९१ दिवसांची मर्यादा. अपघाताला या दोन्ही अटी नाहीत. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क आहे. फक्त अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद असलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट लेखाविभागाला आधीच सांगून ठेवावी. मदत म्हणून ते त्या दिवसांना पगारी रजा लावतात. मग कंपनीकडून गैरहजेरीची पडताळणी होते तेव्हा पगार दिल्याचं दिसतं आणि दावा फेटाळला जातो. ते दिवस बिनपगारीच दाखवायला हवेत. ही रक्कम चालू असताना कामावरून काढता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

प्लास्टर निघाल्यावर मूठ पूर्वीसारखी वळत नसेल तर प्रकरण फायनल सर्टिफिकेटवर मिटवू नका. कायमच्या अपंगत्वासाठी मेडिकल बोर्डापुढे जाता येतं. त्यासाठी दाव्याच्या फाइलमध्ये एक्स-रे आणि फिजिओथेरपीच्या नोंदींच्या झेरॉक्स द्या, मूळ प्रती स्वतःजवळ ठेवा.