टाचदुखी आणि पायी वारी

ज्याला टाचदुखी झालेली नाही त्याला वाटतं, चालताना दुखत असेल. खरं दुखणं बसल्यावर उठताना असतं. सकाळी अंथरुणातून पहिलं पाऊल जमिनीवर टेकवलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ जाते, मग दहा-वीस पावलं लंगडलं की पाय जरा मोकळा होतो. वारीत हे जास्तच जाणवतं. वारी सलग चालण्याची नसते. चालायचं, विसाव्याला बसायचं, पुन्हा उठायचं, असं दिवसभर चालतं. टाचेला नको असतं ते नेमकं हेच.

कऱ्हाडात माझं पोळीभाजीचं केंद्र आहे. पहाटेपासून दुपारपर्यंत ओट्यापाशी उभं राहायचं, तेही अनवाणी, कारण आमच्या घरात स्वयंपाकघरात चप्पल कुणी कधी घातलीच नाही. खाली शहाबादी फरशी. चाळिशी उलटल्यावर डावी टाच बोलायला लागली. अस्थिरोगतज्ज्ञांनी टाचेच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबलं आणि मी ओरडलेच. त्यांनी दुखण्याचं नाव सांगितलं, प्लांटर फॅसायटिस. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तो धरून ठेवतो. त्याच्यावर रोज ताण पडत राहिला की टाचेला जिथे तो चिकटलेला असतो तिथे तो झिजतो आणि दुखायला लागतो. रात्रभर पाऊल सैल पडून राहतं, पट्टा आखडतो, आणि सकाळी अंगाचा सगळा भार एकदम त्याच्यावर येतो. म्हणून ती पहिल्या पावलाची कळ.

एक्स-रेमध्ये टाचेला टोक आलेलं दिसलं. ‘हाड वाढलंय’ हे ऐकून आमच्या घरी सगळे घाबरले. डॉक्टरांनी समजावलं, की असं टोक कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांनाही असतं, आणि दुखणं गेलं तरी ते तिथेच राहतं. उपचार टोकाचा करायचा नाही, पट्ट्याचा आणि पोटरीचा करायचा. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण हाड कापावं लागेल या भीतीने घरी बसलेल्या बायका मला माहीत आहेत.

“किती दिवसांत बरं होईल?” मी विचारलं.

“दिवस विचारू नका ताई, महिने विचारा. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरं होतं. पण रोजचं काम रोज करावं लागतं.”

तेव्हा कार्तिकी नुकतीच झाली होती. आषाढीला अजून सात-आठ महिने होते. मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, की या वारीला जायचंच आणि तोवर पाय तयार करायचा.

फिजिओथेरपिस्ट मुलीने शिकवलेला पहिला व्यायाम बिछान्यातच करायचा, पाय खाली टेकवायच्या आधी. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घ्यायचा, हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढायची आणि दहापर्यंत मोजायचं. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर ठेवला की पट्टा तारेसारखा ताणलेला लागतो. तसा लागला तरच व्यायाम नीट होतोय. असं दहा वेळा, आणि दिवसातून तीनदा. मग भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. मागचा पाय सरळ, टाच जमिनीला घट्ट, अर्धा मिनिट. तेच पुन्हा गुडघा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन स्नायू असतात आणि खालचा स्नायू गुडघा वाकवल्याशिवाय नीट ताणला जात नाही. काही आठवड्यांनी जिन्याच्या पायरीवरचा व्यायाम आला. बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, टाच पायरीच्या बाहेर, तीन मोजत वर, दोन मोजत थांबायचं, तीन मोजत खाली. हा एक दिवसाआड. सुरुवातीला दोन्ही पायांवर, मग एकाच पायावर.

स्वयंपाकघरात मी वेगळ्या, जाड तळाच्या चपला ठेवल्या. सासूबाई आधी काही बोलल्या नाहीत. मग एक दिवस त्यांनीच त्या धुऊन उन्हात ठेवल्या. माझ्या दृष्टीने तो प्रश्न तिथे मिटला.

आई वेगळे उपाय सांगायची. तिने काशाच्या वाटीने तेल लावून तळपाय घासले, वीट तापवून तिच्यावर रुईची पानं ठेवून शेक दिला. बरं वाटायचं, हे खरं आहे. शेकाने पाय सैलावतो आणि झोप लागते. पण ज्यांना मधुमेह आहे आणि तळव्याला चटका कळत नाही, त्यांनी विटेच्या जवळही जाऊ नये. भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. मला स्वतःला कामानंतर बर्फाच्या बाटलीवर पाऊल फिरवणं जास्त मानवलं. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये टाकायची आणि पाच-दहा मिनिटं तळव्याखाली गडगडवायची. इंजेक्शनचा पर्याय डॉक्टरांनी सांगितला होता, पण अगदी शेवटी. वारंवार घेतलं तर टाचेची गादी पातळ होऊ शकते आणि पट्टा फाटूही शकतो.

निघायच्या आधी दुसराच प्रश्न उभा राहिला. आमच्या दिंडीत बरेच जण अनवाणी चालतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मी बुटात सिलिकॉनची टाचगादी घालून चालणार होते. दिंडीप्रमुखांना आधीच विचारलं. ते म्हणाले, “माउली, रथात काय आहे? पादुकाच ना? पादुकांच्या मागे चालताना पायात काही असलं तर माउलींना राग येईल का?” मग मी पुन्हा विचार केला नाही. एक जोड बुटांचा आणि एक मागे पट्टा असलेल्या सँडलचा, असे दोन जोड घेतले. पावसात बूट भिजले की दिवसभर वाळत नाहीत आणि ओल्या बुटात फोड येतात.

आळंदी ते पुणे सोपं गेलं. पुणे ते सासवड मात्र सगळ्यात लांबची मजल आणि मध्ये दिवे घाट. चढावर पोटरी ताणते आणि टाचेचा पट्टा पुढे ओढला जातो. मी छोटी पावलं टाकत, पूर्ण तळवा टेकवत चढले. बोटांवर भार देऊन चढायचं नाही, हे फिजिओथेरपिस्ट मुलीने पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. टाळांच्या ठेक्यावर छोटी पावलं बसतातही चांगली. आमच्या पुढे तुळस डोक्यावर घेतलेल्या एक आजी होत्या, सत्तरी पार केलेल्या. वळणावर मागे बघून म्हणाल्या, “टाच राखतियास व्हय गं? राख. पाय हाईत तर वारी हाय.” आणि पुन्हा ज्ञानोबा-तुकाराम म्हणत चालू लागल्या.

खरी कसोटी विसाव्याला लागायची. सगळे बसतात, पाणी पितात, कुणी आडवं होतं, आणि उठायची वेळ आली की माझी टाच अडायची. म्हणून मी बसल्याबसल्याच पंचा पायाच्या पुढच्या भागाला अडकवून दोन्ही टोकं स्वतःकडे ओढायची, दहा-दहा मोजत. उभं राहिल्यावर आधी जागच्या जागी भार या पायावरून त्या पायावर, मग पाऊल. पहाटेही तसंच. पहिला कर्णा, म्हणजे निघायची तुतारी, झाला की राहुट्या सुटायला लागतात, सगळीकडे धावपळ असते. मी तेवढा वेळ अंथरुणावर बसून पंचा ओढायचे आणि तिसऱ्या कर्ण्याला रांगेत असायचे. जेजुरी येईपर्यंत आमच्या राहुटीतल्या आणखी काही जणी पंचे घेऊन बसायला लागल्या होत्या. गुडघेदुखीवाल्या, कंबरदुखीवाल्या, सगळ्याच.

वाटेत पाय चेपून देणारे सेवेकरी भेटतात. ती माणसं गुडघ्यावर बसून अनोळखी माणसाच्या चिखलाच्या पायाला तेल लावतात, ते बघून घसा दाटतो. मी त्यांना सांगायचे, “माउली, टाच दाबू नका, पोटरी चेपा.” पोटरी मोकळी झाली की टाच आपोआप निम्मी हलकी होते. एका वैद्यकीय पथकातल्या मुलीने तळव्याला चिकटपट्ट्या ओढून लावून दिल्या. दोन दिवस त्यांनी फार आधार दिला. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान झालं, तेव्हा मीही थंड पाण्यात पोटरीपर्यंत उभी राहिले आणि पाय निवले.

फलटणनंतर दुखणं वाढलं. पालखी महामार्गाचं काँक्रीट कडक असतं, उन्हात तापतंही, म्हणून जमेल तिथे मी कडेच्या मातीवरून चालत होते. तरी बरडच्या मुक्कामी टाच टेकवेना. दुसऱ्या दिवशीची मजल मी दिंडीच्या ट्रकमध्ये बसून काढली. भांड्यांच्या आणि गाठोड्यांच्या मध्ये पाय उंच करून हरिपाठ म्हणत नातेपुत्याला पोचले आणि संध्याकाळी समाज आरतीला सगळ्यांबरोबर उभी होते. टाचदुखी असलेल्या प्रत्येक वारकऱ्याला मी हेच सांगेन: दुखणं चालताना वाढतच राहिलं, किंवा दुसऱ्या सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त असलं, तर एक मजल गाडीत काढा. त्या एका दिवसाच्या विश्रांतीवर मी पुढे पंढरपूरपर्यंत चालले.

काही गोष्टी मात्र सोडल्या. रिंगणात फुगडी नाही, उड्या नाहीत. वेळापूरच्या अलीकडे जिथून तुकोबारायांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले असं सांगतात, तिथे सगळे वारकरी उतारावरून धावा करतात. माझी पावलं आतून धावायला निघाली होती. मी कडेने चालत उतरले, डोळे भरून वाहत होते, आणि शेजारून हजारो माणसं ‘तुकाराम, तुकाराम’ करत पळत होती.

पंढरपुरात दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहणं टाचेला चालण्यापेक्षा जड गेलं असतं. आम्ही चंद्रभागेत स्नान केलं, नामदेव पायरीवर डोकं टेकवलं, कळसाचं दर्शन घेतलं. वारीची परंपरा तेवढ्यालाही दर्शनच मानते.

घरी आल्यावर आठवडाभर टाच कुरकुरली, मग खाली बसली. पुढची दिवाळी येईपर्यंत सकाळची कळ गेली. पंचा अजून उशाशी असतो आणि व्यायाम चालू आहे, कारण ओट्यापाशी उभं राहणं काही सुटलेलं नाही. आता दिंडीतल्या बायका फोन करून विचारतात, की आषाढीला निघायचंय, कधी सुरू करू? मी म्हणते, आजच कर, आणि महिनाभर राहिलाय म्हणून घाई करून चाल वाढवू नकोस. आणि टाच रात्री झोपेतही ठणकत असेल, सुजली असेल, तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, किंवा उडी मारताना ‘कट’ आवाज होऊन एकदम दुखायला लागलं असेल, तर पंचा बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांना दाखव.