डोंबिवलीचा सतरा आकडी नंबर

१२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, सेमच. आणि हा कुणी मुद्दाम रचलेला नाहीये, नऊ वेळा एक लिहायचा, १११११११११, त्याचा वर्ग करायचा, बस, हाच येतो.

परवा भाची आली होती ठाण्यात, वर्तकनगरला, सातवीत आहे, तिला दाखवत होतो तर म्हणे मामा लॅपटॉपवर करू ना. एक्सेलमध्ये शेवटी ३०० आलं, कारण एक्सेल पंधराच आकडे धरतं आणि पुढे सरळ शून्य टाकतं. मग वही काढली. हे वहीतच करावं असं माझं ठाम मत आहे.

आधी १११ गुणिले १११ घ्या. तीन ओळीत १११ लिहायचं, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून, आणि उभी बेरीज करायची. कडेला एकच १, शेजारी दोन, मधे तीन, परत दोन, एक. झाले १२३२१. नऊ एक घेतले की मधल्या घरात नऊ जमतात, आणि हातचा न येता एका घरात मावणारा शेवटचा आकडा म्हणजे नऊच! भाचीने लगेच विचारलं, मग दहा घेतले तर? तर मधे दहा होतात, शून्य लिहून हातचा एक, शेजारच्या नवाचे दहा, परत शून्य हातचा एक, त्यापुढच्या आठाचे नऊ, आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गायब.

अशा संख्यांना डेमलो संख्या म्हणतात. गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी दिलेलं नाव, आणि डेमलो म्हणजे आपलं डोंबिवली, जीआयपी रेल्वेच्या (म्हणजे आताच्या मध्य रेल्वेच्या) काळातलं स्टेशन, तिथे त्यांना ही कल्पना सुचली म्हणून. कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा, शाळा ठाण्यात, नंतर आयुष्यभर देवळालीला मास्तरकी. ६१७४ मुळे, म्हणजे कापरेकर स्थिरांकामुळे, जगाला माहीत झालेला हा माणूस ठाण्यात शिकला हे इथल्या प्रत्येक शाळेत मुलांना सांगायला हवं, अगदी मनापासून वाटतं मला.

कापरेकरांचीच दुसरी कल्पना म्हणजे हर्षद संख्या, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती. आपल्या नंबरच्या अंकांची बेरीज करा, ८१ येते, नऊचा वर्ग. आणि १११११११११ ला ९ ने भाग जातो म्हटल्यावर त्याच्या वर्गाला ८१ ने जाणारच, म्हणजे हा हर्षदसुद्धा! भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. बघा, या १२३४५६७९ मध्येही ८ नाही. आता १ ला ८१ ने भागून बघा, ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ असं चालूच राहतं, आणि तिथला ८ पण त्याच हातच्याने खाल्लाय.