राजूर ते अहिल्यानगर : व्हीलचेअर घेऊन एसटीने

राजूरच्या पलीकडच्या एका वाडीत राहणारे माझे मामा लहानपणी झालेल्या पोलिओमुळे दोन्ही पायांनी अधू आहेत आणि घराबाहेर व्हीलचेअर वापरतात. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, यांसाठी त्यांना जिल्हा रुग्णालयात वैद्यकीय मंडळापुढे तपासणीला जायचे होते, म्हणून पावसाळा सरल्यावर आम्ही दोघे राजूरहून अकोले, संगमनेर, राहुरी असे करत अहिल्यानगरला एसटीने जाऊन आलो. अकोले तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून नगरला जाण्यासाठी खासगी गाडी ठरवणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असते आणि काळीपिवळी जीपमध्ये व्हीलचेअर टपावर बांधून मामांना दाटीवाटीत बसवणे धोक्याचे वाटले, तेव्हा एसटीला पर्याय नव्हताच. ज्यांना असाच प्रवास करायचा आहे, त्यांच्यासाठी हा वृत्तांत लिहीत आहे.

साधी एसटी गाडी मालमोटारीच्या धर्तीच्या चासीवर बांधलेली असल्याने तिची आतली जमीन रस्त्यापासून साधारण मीटरभर उंच असते आणि तिथपर्यंत पोहोचायला दारात अरुंद, उभ्या पायऱ्या असतात. मामांची पद्धत अशी : खुर्ची दाराला समांतर लावून ब्रेक घट्ट करायचे, हातांच्या जोरावर शरीर उचलून सर्वांत खालच्या पायरीवर बाहेर तोंड करून बसायचे आणि दोन्ही बाजूंचे दांडे धरून एकेक पायरी पाठमोरे वर सरकायचे. पायऱ्यांवर आधी चढलेल्या प्रवाशांच्या चपलांचा चिखल होता. तो मी फडक्याने पुसून घेतला, तरी वर पोहोचेपर्यंत त्यांचे तळहात आणि धोतर चिखलाने भरले. मात्र पाहणाऱ्याला वाटते तशी पायऱ्या ही सर्वांत कठीण गोष्ट नाही. गाडीच्या जमिनीवर बसलेल्या माणसाने तिथून आसनावर चढणे अधिक अवघड असते, कारण त्या चिंचोळ्या जागेत हाताला जोर देण्यासाठी नीट आधारच सापडत नाही. वाहकाने आणि मी त्यांना उचलले. मामा आसनावर नीट टेकेपर्यंत वाहकाने डबल बेल दिली नाही, ही साधी गोष्ट. पण अशा प्रवाशाची सुरक्षितता सर्वांत जास्त याच गोष्टीवर अवलंबून असते.

उचलण्याविषयी एवढे सांगतो की आधी त्या व्यक्तीलाच विचारावे. हात धरून ओढल्यास खांदा निखळू शकतो. एकाने पाठीमागून काखेखाली आणि दुसऱ्याने गुडघ्यांखाली आधार देणे बरे. ज्यांच्या पायांत जोर नाही त्यांना वळणावर पाय रोवून तोल सांभाळता येत नाही, म्हणून विठा घाटात मी मामांना खिडकीकडे बसवून स्वतः कडेला बसलो. व्हीलचेअरचे पाय ठेवायचे भाग काढून पिशवीत घालावेत, खुर्ची घडी करून मागच्या आसनांजवळ उभी ठेवावी आणि जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन दांड्याला आवळून बांधावी; दोरी हिसक्यांनी सैल पडते, ट्यूब पडत नाही.

वाटेतल्या एका स्थानकात उतार बांधलेला होता. पण त्याच्या तोंडाशी दुचाकी लावलेल्या होत्या आणि तो इतका उभा होता की एकट्याने खुर्ची वर नेणे अशक्य होते. मान्य प्रमाणानुसार 1 फूट उंचीसाठी निदान 12 फूट लांबीचा उतार लागतो. जागा वाचवण्यासाठी तो आखूड केला की कागदोपत्री काम पूर्ण होते, पण खुर्ची मात्र खालीच राहते. तिथल्या स्वच्छतागृहाचे दार व्हीलचेअर आत जाईल इतके रुंद नव्हते. मामांनी आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणे जवळजवळ बंद केले होते, हे मला तिथे चहा घेताना कळले. प्रवासाला निघायचे म्हणजे तहान मारायची, हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नव्हे, तर नेहमीची रीत म्हणून सांगितले, आणि मला ते फार लागले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत बसस्थानकांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि अस्तित्वात असलेल्या अशा इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करण्याचे बंधन त्यात घातलेले आहे. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे ती मुदत 2022 मध्येच संपली. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग नोंदले गेले आणि त्यांपैकी सुमारे 69 टक्के ग्रामीण भागात राहत होते. तरीही सुगम वाहतुकीची चर्चा प्रामुख्याने मेट्रो आणि महानगरांतील बसपुरती राहते. दिव्यांगांना मिळणारी एसटीच्या भाड्यातील 75 टक्के सवलत निश्चितच मोलाची आहे, परंतु जो गाडीत चढूच शकत नाही त्याला ती सवलत निरुपयोगी ठरते. शिवाय सवलत ओळखपत्रावर मिळते, तेव्हा ओळखपत्रासाठीचा पहिला प्रवास पूर्ण भाड्यानेच करावा लागतो. तपासणीला जाणाऱ्या अर्जदाराला तारखेच्या पावतीवर सवलत देणे मला सहज शक्य वाटते.

आतली जमीन रस्त्यापासून 400 मिलिमीटरच उंच असलेली शहरातील लो-फ्लोअर बस आमच्या घाटरस्त्यांवर आणि गावोगावच्या गतिरोधकांवर चालणार नाही, हे मान्य करायला हवे. पण गाडी खाली आणता येत नसेल तर फलाट वर नेता येतो. अहमदाबादच्या जनमार्ग या स्वतंत्र मार्गिकेवरच्या बससेवेत 2009 पासून गाडीची जमीन आणि थांब्याचा ओटा एका पातळीवर ठेवलेले आहेत. तालुक्याच्या प्रत्येक स्थानकात सगळे फलाट उंच करण्याची गरज नाही. एकाच फलाटावर गाडीच्या दाराच्या पातळीचा ओटा, त्याला मोकळा लांब उतार आणि दारात टाकायची एक फळी एवढे केले, तरी उचलण्याची वेळ येणार नाही. गाडीचे दारही मात्र खुर्ची आत जाईल तेवढे रुंद असावे लागेल. नवीन बसमध्ये दिव्यांगांसाठी राखीव आसने, कुबड्या अडकवण्याची सोय आणि व्हीलचेअर आत घेऊन बांधण्याची व्यवस्था असावी, अशी केंद्राची अधिसूचना मार्च 2020 पासून लागू आहे. नव्या गाड्या घेताना ग्रामीण फेऱ्यांसाठीही तिचे पालन होते की नाही, याकडे लोकप्रतिनिधींनी लक्ष द्यावे.

पुढे जाणाऱ्यांनी मंडळ कोणत्या वारी बसते हे निघण्यापूर्वी रुग्णालयाकडून कळून घ्यावे, युडीआयडीचा ऑनलाइन अर्ज घरूनच भरून त्याची छापील प्रत सोबत ठेवावी आणि बाजाराचा दिवस टाळावा. स्थानकात पोहोचताच वाहतूक नियंत्रकाला भेटून गाडी फलाटाला चिकटवून लावण्याची विनंती करावी. आमच्यासाठी जिथे ती चिकटवून लावली गेली, तिथे सर्वांत खालची पायरी खुर्चीच्या पातळीला आली आणि मामा कोणाच्याही हाताशिवाय तिच्यावर सरकले. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी, कारण संध्याकाळी अकोल्याहून वर जाणाऱ्या गाड्यांना गर्दी असते. गावातल्या थांब्यावर ओटा आणि उतार हवा असेल, तर ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील जो 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो त्यातून तो करावा, अशी मागणी ग्रामसभेत लेखी मांडता येते. स्थानकातील त्रुटींची तक्रार आगार व्यवस्थापकाकडे करावी, तिची पोच घ्यावी आणि दखल न घेतल्यास पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे त्या पोचेसह अर्ज पाठवावा. आम्ही उताराच्या आणि स्वच्छतागृहाच्या दाराच्या मापांसह असा अर्ज दिला असून त्यावर पहिली सही मामांची आहे.