चक्रधरवरचा राग
आज दुपारी 'रणांगण' संपवली. १९३९ची कादंबरी, पण शिळी अजिबात नाही. जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा बोटीवरच्या मोजक्या दिवसांत जीव लावून बसते आणि हा नायक चक्रधर मुंबईला उतरून मोकळा! इतका राग आला की पुस्तक उपडं ठेवून चहा टाकायला उठले. तोही उतू गेला.

गेल्या आठवड्यात 'बनगरवाडी' वाचली, तेव्हा मात्र राग नव्हता. वाडीचे कारभारी आधी खडूस वाटले, मग आपलेसे कधी झाले कळलंच नाही. दुष्काळात धनगर मेंढरं घेऊन निघून जातात, शाळेत पोरंच उरत नाहीत. मी डोळे पुसत होते, तर नवऱ्याने विचारलं, "अगं, कोण गेलं?"
म्हटलं, "अख्खी वाडी."